मराठीवाल्यांना कॉम्प्युटर कशाला

भाषा शिक्षकांच्या संगणक प्रशिक्षणाचं पत्र शाळेत आलं, तेव्हा हेडसरांनी ते स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "मराठीच्या दोघी जावा. तुमचं काय अडत न्हाय." त्या "काय अडत न्हाय"चा मला आज इतक्या वर्षांनीसुद्धा राग येतो. इंग्रजीचे सरही भाषाच शिकवत होते, पण दिवाळीच्या सुट्टीत दहावीचे जादा तास आहेत म्हणून ते सुटले. हिंदीच्या बाईंच्या घरी लग्न होतं. उरलो आम्ही. गावात कुणाचा सत्कार असला की मानपत्र लिहायला मराठीवाले, स्वागतगीत बसवायला मराठीवाले, आणि वरून माणसं मागितली की पाठवून द्यायलाही मराठीवालेच.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि अक्का. शाळा पन्हाळा तालुक्यातली, कोडोलीच्या अलीकडच्या एका गावातली. अक्का माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. माहेर थेट कर्नाटकाच्या हद्दीवरचं, लिंगायत व्यापाऱ्यांचं. घरी कानडी आणि शाळेत मराठी. हिशोब कानडीत आणि भांडण मराठीत केलं की दोन्ही नीट होतात, असं त्या म्हणायच्या. सगळी शाळा त्यांना अक्काच म्हणायची, हेडसरसुद्धा. अक्कांचा आवाज ही आमच्या शाळेची दुसरी घंटा होती. त्या कविता म्हणायला लागल्या की शेजारच्या वर्गातली पोरं भूगोल सोडून कान इकडं लावायची आणि भूगोलाचे सर खिडकी लावून घ्यायचे.

तो आवाज गेला. कशानं गेला हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती. आठवीच्या एका तुकडीत सत्तरच्या आसपास पोरं कोंबलेली. खिडकीबाहेर रस्ता. हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर गाण्यांचे कर्णे लावून त्या रस्त्यानं दिवसभर जायचे. त्यावर आवाज चढवून अक्कांनी उभी नोकरी काढली. मग स्वरयंत्रावर गाठी निघाल्या, कोल्हापुरात ऑपरेशन झालं. त्यानंतर जो आवाज परत आला तो पहिल्या बाकाच्या पुढं जात नव्हता. डॉक्टरनी बजावलं होतं, मोठ्यानं बोलायचं नाही आणि खडूची धूळ नाकातोंडात जाऊ द्यायची नाही. म्हणजे बोलायचंही नाही आणि फळ्यावर लिहायचंही नाही. मग शिक्षकानं वर्गात करायचं काय?

हेडसरांना उत्तर तयार होतं. "अक्का, लायब्ररी बघा. निवांत बसा." आमची लायब्ररी म्हणजे जिन्याखालची दोन कपाटं आणि एक खुर्ची. त्यातही त्यांनी प्रेमळपणे पुढचं ऐकवलं, की तास नसले तर तुम्ही अतिरिक्त ठराल आणि मग समायोजन कुठं होईल ते माझ्या हातात नाही, गगनबावड्याकडं पाठवलं तर त्या पावसात घसा आणखी बिघडायचा. हे सगळं काळजीच्या सुरात. मला वाटत होतं, समोरची शाईची दौत उचलावी आणि त्या काळजीवर ओतावी.

अक्का त्या काळात गळ्यात सुतळीला बांधलेलं पाठकोऱ्या कागदांचं पॅड घालून फिरायच्या. त्यांनी त्यावर लिहिलं, "मला वर्ग हवा." मग पुढच्या कागदावर बराच वेळ लिहीत बसल्या. त्यांच्या भाच्याकडं इचलकरंजीत त्यांनी बघितलं होतं, कॉम्प्युटरची वायर टीव्हीला जोडता येते आणि इकडं टाइप केलेलं तिकडं मोठ्या अक्षरात दिसतं. शाळेला देणगीतला मोठा रंगीत टीव्ही होताच, आणि कॉम्प्युटर येणार असं संस्थेनं जाहीर केलं होतं. पोरांकडं तोंड करून बसायचं, टाइप करायचं, पोरांनी टीव्हीवर वाचायचं. ना घसा, ना खडू. हेडसरांनी ते वाचलं, डोकं खाजवलं आणि शब्द दिला. "शिकून या. तोवर वर्ग चालवा कसातरी. जमलं तर जूनपासून तुमचे तास तुम्हालाच." हा शब्द माझ्यासमोर दिला होता.

म्हणून ते प्रशिक्षण अक्कांना हवं होतं. बाकीच्यांना ते सुट्टी खाणारं लफडं होतं.

प्रशिक्षण कोल्हापुरात, एका शाळेच्या हॉलमध्ये. पहिली सकाळ दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि एकमेकांना नारळ देण्यात गेली. मग ओळखपरेड सुरू झाली. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून आलेला माणूस तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात माईक. अक्कांची पाळी आली. त्या उठल्या, नाव सांगितलं, ते कुणाला ऐकू गेलं नाही. "बाई, नाष्टा केला न्हाय का? जरा मोठ्यानं." अक्कांनी पॅड वर धरलं. "मौनव्रत धरलंय वाटतं," असं तो माईकवरून म्हणाला आणि हॉलभर हशा पिकला. शिक्षकच हसत होते सगळे, आपापले घसे रोज फाडून घेणारे.

मी उठले. "त्यांचा घसा वर्गात ओरडून गेलाय. तुमच्या हातात माईक हाय, म्हणून तुम्हाला म्हाईत न्हाय." हशा थांबला. अक्कांनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याचाही मला राग आला.

त्यानंतर त्या माणसानं आम्हाला लिहून घ्यायला सांगितलं. संगणकाची व्याख्या. संगणकाच्या पिढ्या. पहिल्या पिढीतल्या संगणकाला केवढी खोली लागायची हे आम्ही लिहून घेतलं, दुसऱ्या पिढीत ती खोली किती लहान झाली तेही लिहून घेतलं. काचेपलीकडच्या खोलीत संगणक होते, ते कुठून चालू करायचे हे मात्र कुणी सांगेना. तो सांगायचा, आम्ही लिहायचो. पोरांना असं शिकवू नका म्हणून आम्हाला दर वर्षी व्याख्यानं देणाऱ्या लोकांनीच हे चालवलं होतं. माझ्या शेजारचे एक सर लिहिता लिहिता झोपले आणि त्यांची रेघ पानाबाहेर बाकावर गेली.

तिसऱ्या दिवशी आम्हाला संगणक दाखवायला नेलं. दाखवायला हाच शब्द बरोबर. चपला बाहेर काढा, रांग धरा, बायका डावीकडून. आत पडदे ओढलेले, गारवा केलेला. नुकतीच खंडेनवमी होऊन गेली होती. प्रत्येक मॉनिटरवर झेंडूची सुकलेली माळ आणि हळदीकुंकवाची पाच बोटं. हत्यारांची, ट्रॅक्टरची पूजा करणारी आमची माणसं, त्यांनी कॉम्प्युटरचीही केली. याचं मला काही वाटत नव्हतं, मीही माझ्या पेनाची पूजा करते. पण ते कुंकू कळफलकाच्या फटींत जाऊन बसलं होतं आणि निम्म्या कळा दाबल्या की वर येत नव्हत्या. ट्रॅक्टरची पूजा झाली की माणूस दुसऱ्या दिवशी त्यावर बसून नांगरतो तरी. इथं पूजेनंतर कुणी हातच लावला नव्हता. एकेकानं पुढं व्हायचं, माऊस धरायचा, बाण हलला की पुढच्याला जागा द्यायची. अंबाबाईच्या देवळात गर्दीच्या दिवशी मुखदर्शन करतात तसं आमचं मुखदर्शन झालं.

अक्का मात्र हटेनात. त्या खुर्चीवर बसल्या, दोन्ही हात कळांवर ठेवले आणि एक कळ दाबली. पडद्यावर इंग्रजी अक्षर आलं. त्यांनी पॅडवर लिहून विचारलं, "मराठी कुठं आहे?"

मार्गदर्शक हसला. "बाई, मराठी फॉण्ट टाकलेला न्हाय. आणि खरं सांगू का, मराठीवाल्यांना कॉम्प्युटर कशाला वो? वरून आदेश हाय म्हणून घ्यायचं प्रशिक्षण. गाइडावर भागतंय की तुमचं."

"हे भाषा शिक्षकांचं प्रशिक्षण हाय की न्हाय?" मी विचारलं.

"हाय की. म्हणून तर सोपं ठेवलंय."

मागची रांग कुरकुरायला लागली, जेवणाची वेळ होत आली होती. अक्का उठल्या. शेवटच्या दिवशी परीक्षा झाली. त्यात पिढ्यांवर प्रश्न आला, सगळे पास झाले, प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळालं आणि ग्रुप फोटो निघाला. फोटोत आम्ही सगळे हसतोय. आमच्यातल्या एकाही माणसाला त्या दिवशी कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव मराठीत लिहिता येत नव्हतं.

परतीच्या एसटीसाठी आम्ही स्टँडकडं चालत निघालो, तेव्हा अक्का एका दुकानासमोर थांबल्या. आमच्याकडं ज्याला डीटीपीचं दुकान म्हणतात, तसलं. काचेच्या आत लग्नपत्रिकांचे नमुने लावलेले. "आमच्या येथे श्रीकृपेकरून" पासून "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" पर्यंत सगळं झकास मराठीत. आत एक माणूस कॉम्प्युटरवर फटाफट मराठी टाइप करत होता. मी तिथंच फुटपाथवर तोंड सोडलं. लग्नाला मराठी येतं, बारशाला येतं, दहाव्याच्या पत्रिकेला येतं, पैलवानाच्या सत्काराच्या फलकाला येतं. या कॉम्प्युटरला मराठी फक्त शाळेसाठी येत नाही.

अक्का माझं ऐकायला थांबल्या नव्हत्या. त्या आत जाऊन दुकानदाराला पॅड दाखवत होत्या. तो वाचून म्हणाला, "शाळेच्या बाई व्हय तुम्ही? मग हे शाळेत शिकवत न्हाईत?" आमच्या पिशवीत प्रमाणपत्रं होती, ती आम्ही बाहेर काढली नाहीत. रविवारी सकाळी गिऱ्हाईक येईपर्यंत एका मशीनवर बसा म्हणाला.

त्यानंतर थंडी संपेपर्यंत अक्का दर रविवारी कोल्हापूरला जात राहिल्या, बऱ्याचदा मी बरोबर. कुठल्या कळेवर कुठलं अक्षर याचा तक्ता त्या दुकानाच्या भिंतीवर होता. तो बघून अक्कांनी घरी एका पुठ्ठ्यावर तसाच कळफलक काढला. मी त्यांच्याकडं गेले तर तव्यावर भाकरी आणि मांडीवर पुठ्ठा. बोटं चालायची आणि ओठ हलायचे, आवाज नाही. त्या वयाला बोटं वळत नाहीत. करंगळी तर त्यांचं ऐकायचीच नाही, तिला त्या दुसऱ्या हातानं धरून कळेवर नेऊन ठेवायच्या. आधी शब्द, मग ओळ, मग न बघता ओळ. हे सगळं त्या सुट्टीतल्या प्रशिक्षणात होऊ शकलं असतं. एक फॉण्ट टाकायचा होता आणि खुर्ची मोकळी सोडायची होती. माझा राग यावर आहे, आणि तो अजून तसाच आहे.

तोवर शाळेत कॉम्प्युटर आला होता. शिवणाच्या बाईंनी त्याला झालरीचं झाकण शिवलं. खोलीला कुलूप, किल्ली हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये. उद्घाटन व्हायचं होतं आणि ते संस्थेचे चेअरमनच करणार होते. चेअरमन साखर कारखान्याच्या निवडणुकीत अडकले होते. आधी प्रचार, मग निकाल, मग मिरवणूक, मग आभाराचे दौरे. अक्का रोज त्या कुलपाकडं बघून वर्गावर जायच्या आणि तिथं खाणाखुणांनी दिवस ढकलायच्या. पोरं चांगली होती, पण सत्तर पोरं खुणांवर किती वेळ बसणार?

मी हेडसरांशी भांडले. "सर, उद्घाटन झालं काय आन् न्हाय झालं काय, कॉम्प्युटरला काय कळतंय?"

"बाई, मला कळतंय की," हेडसर म्हणाले.

शेवटी आभाराचे दौरे संपले आणि चेअरमनांना वेळ मिळाला. मांडव, ढोल-ताशा, फेटे. टीव्हीच्या काचेवर कुंकवाचं बोट ओढलं गेलं. नारळ मी अक्षरशः हिसकावून पायरीवर फोडायला लावला, नाहीतर तो टेबलावरच फुटणार होता. झाकण काढलं, टाळ्या झाल्या. मग सगळे कॉम्प्युटरकडं बघत उभे राहिले. तो चालू करायला कुणालाच येत नव्हतं. हेडसरांनी इकडंतिकडं बघितलं आणि अक्कांना पुढं बोलावलं.

अक्कांनी दुकानदाराकडून फॉण्टची फ्लॉपी आणून ठेवली होती आणि आदल्या दिवशी टीव्ही जोडायला हेडसरांनी खोली उघडली तेव्हा ती टाकून घेतली होती. त्या बसल्या. हेडसर कानाशी वाकून काहीतरी म्हणाले आणि टीव्हीवर, खाली बसलेल्या शेवटच्या पोरालाही वाचता येईल एवढ्या अक्षरांत, चेअरमनांचं नाव उमटलं. आधी नाव, मग वडलांचं, मग आडनाव, मग "यांचे हार्दिक स्वागत". मांडवात शिट्ट्या वाजल्या. चेअरमन स्वतःचं नाव बघत राहिले. "आयला, अक्का, पत्रिकेसारखं आलंय की," ते म्हणाले. "मग आता आपल्याला छापायला बाहेर कशाला जायचं?" सगळे हसले. मीही हसले, कारण अक्का हसत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून आठवीची ती तुकडी मराठीच्या तासाला कॉम्प्युटरच्या खोलीत भरायला लागली. तसे तास मी माझ्या नोकरीत फार कमी बघितले. अक्का पोरांकडं तोंड करून बसायच्या आणि वाक्य अर्धं टाइप करून थांबायच्या. अक्षर अक्षर करत शब्द उमटायचा आणि तो पुरा व्हायच्या आत पोरं ओरडायची. कुणी बरोबर, कुणी भलतंच. अक्का भलतंही टाइप करायच्या, मग त्या वाक्याचं काय होतंय ते पोरांनाच दिसायचं आणि पोरंच ते बदलायला लावायची. एकदा एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, मी काल मामाच्या रानात गेलते." अक्कांनी ते तसंच टाइप केलं, तिच्याच शब्दांत. पोरं टीव्हीजवळ सरकली. घरात बोलतो ते असं टीव्हीवर लिहून येतं हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मग अक्कांनी त्याच्या खाली पुस्तकातलं रूप लिहिलं आणि दोन्ही शेजारी ठेवली, एक पुसून दुसरं नाही. कविता आली की ओळ पडद्यावर यायची आणि सगळी पोरं ती म्हणायची. भूगोलाचे सर पुन्हा खिडकी लावून घ्यायला लागले.

वीज गेली की तास गेला, ते होतंच. पण खरं विघ्न दारातून यायचं. शिपाई येऊन उभा राहायचा. "अक्का, हेडसरांनी पाच मिनिटं बोलावलंय, एक पत्र टाइप करायचंय." मग संस्थेच्या सभेचं इतिवृत्त. मग चेअरमनांच्या नातवाच्या बारशाची पत्रिका. पाच मिनिटांचा तास व्हायचा आणि पोरांना मैदानावर सोडून द्यायचे. मी हेडसरांना म्हटलं, की हे काम क्लार्कचं आहे. ते म्हणाले, "क्लार्कला मराठी कुठं येतंय कॉम्प्युटरवर? गावात एकट्या अक्कांना येतंय." हे ते कौतुकानं म्हणाले. आणि अक्का, ज्यांना उभ्या जन्मात कुणी कामाला नाही म्हणताना ऐकलं नव्हतं, त्या जात राहिल्या. जून जवळ आला होता, शब्द दिलेला होता, कुणाला दुखवायचं नव्हतं.

जून उजाडला. शाळा सुरू व्हायच्या आधी आम्हा शिक्षकांना बोलावलं होतं. मी गेले तेव्हा हेडसर म्हणाले, "बाई, यंदा तुमच्यावर थोडा भार हाय. अक्कांची आठवी तुम्ही घ्या. अक्का आता ऑफिसात. संस्थेचं सगळं टायपिंग आपल्याच शाळेत करायचं ठरलंय. चेअरमननी स्वतः सांगितलंय, असं शिकलेलं माणूस वर्गात घालवू नका म्हणून."

"तुम्ही शब्द दिलता."

"जमलं तर म्हटलं होतं. जमलं की चांगलं. वर्गापेक्षा चांगलं जमलं. आणि गगनबावड्याला नाही पाठवलं, हे बघा की."

मी कॉम्प्युटरच्या खोलीकडं धावत गेले. अक्का एकट्याच बसल्या होत्या. टीव्हीची वायर काढून गुंडाळून ठेवलेली, टीव्ही भिंतीकडं सरकवलेला. त्या नव्या वर्षाचं वेळापत्रक टाइप करत होत्या. आठवीच्या मराठीसमोर त्यांनी माझं नाव घातलेलं होतं.

मग मी जे बोलायला लागले ते थांबेना. हेडसरांना बोलले, चेअरमनांना बोलले, त्या प्रशिक्षणाला आणि मुखदर्शनाला आणि पिढ्यांना बोलले. शिकून या म्हणाले म्हणून ही बाई रविवार रविवार मोडून शिकली, आणि शिकली म्हणूनच तिला वर्गातून काढली. न शिकती तर निदान खाणाखुणा करत पोरांत तरी राहिली असती. मी अक्कांनाही बोलले, की उठा, हे टाइप करू नका, करंगळी दुखते म्हणून सांगा, काहीही सांगा. माझा आवाज खोलीबाहेर, पार मैदानापर्यंत जात असणार.

अक्कांनी मला बोलू दिलं. मग वेळापत्रकाच्या खालच्या मोकळ्या जागेत त्यांनी न बघता, भराभर एक ओळ टाइप केली आणि मॉनिटर माझ्याकडं वळवला.

"एवढं ओरडू नकोस. आता माझेही तास तुलाच घ्यायचेत, घसा जप."

मी वाचल्यावर त्यांनी ती ओळ पुसली आणि नववीचं वेळापत्रक घेतलं.